दगड

कंपनीनं गाड्या माघारी बोलावल्यात.
आमच्या यादीत एकतीस,
त्यातल्या रास अल खैमात दोनच.
एक जर्मन बाईची. ती सुट्टीवर, चावी वॉचमनकडे.
दुसरी अबू खमीसची.

पत्रं तीन गेली. फोन मी केले.
शेवटी परकारभाई स्पॅनर पुसत म्हणाले,
जा बाबा, तूच जा,
तुला लोक घरात घेतात.

घेतलं.
कहवा दिला, खजूर दिले,
मग अंगणातलं ते चाकांवरचं घर दाखवलं:
शेगडी, दोन पलंग, कोपऱ्यात गुंडाळलेला मुसल्ला,
दारावर नातीनं चिकटवलेला ससाणा,
एक पंख सुटलेला.

ब्रेक? म्हणाला.
जबल जैसची सगळी वळणं उतरलोय हिच्यातून, चाळीसदा.
मा फी मुश्किल.

मी माझ्या मोडक्या अरबीत
न घडलेली गोष्ट सांगू लागलो.
ब्रेकच्या डोक्यात एक पाटी असते, तळहाताएवढी,
तिच्यावर तेलाचा थेंब झिरपतो.
म्हणजे झिरपेल.
म्हणजे, झिरपणारही नाही.
पण झिरपला तर पाय दाबतच जातो, खाली काही लागत नाही.
किंवा त्याच्याही आधी,
इंजिन बंद, सगळे झोपलेले,
आणि ती उभ्या उभ्या पेटते.

'कदाचित'ला मला एकच शब्द येतो, यिमकिन.
तो इतक्यांदा वापरला
की नात तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

उभ्या गाडीला ब्रेकची भीती कसली,
अबू खमीस म्हणाला.
बरोबर होतं त्याचं.
पत्रात याला उत्तर नव्हतं.

का कोण जाणे, मला बाप आठवला.
ट्रकवर क्लीनर होता. कोल्हापूर-रत्नागिरी.
आंबा घाटात चढाला गाडी दमली
की उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावायचा.
गाडीनं पुन्हा दम धरला की ड्रायव्हर थांबत नसे,
थांबला तर पुन्हा मागे.
आणि बाप पळायचा उलटा, उताराकडे,
दगड उचलून कडेला टाकायला.
मग धापा टाकत ट्रकच्या मागे,
ड्रायव्हरच्या आईबहिणीवरच्या शिव्या झेलत.
आपली गाडी निघाली, आता दगड कुणाचा का असेना!
रात्रीचं मागनं कोणतरी येतंयच की,
बाप म्हणायचा.
एवढंच. जास्त बोलणारा नव्हता.

हे सगळं अरबीत कुठलं यायला?
फिंजानाचा ट्रक केला,
खजुराची बी चाकामागे ठेवली,
फिंजान पुढे सरकवला.
बी तिथंच.
मग दुसरा फिंजान आणला, मागून.

अबू खमीस बीकडे बघत राहिला.
नात हसायची थांबली.
त्यानं बी उचलली, बशीत टाकली,
आणि नातीला म्हणाला, चावी आण.

काल पाटी बदलली.
जुनी उघडून पाहिली भिंग लावून.
कोरडी. एक डाग नाही.
रिपोर्टात रकाना असतो, 'दोष आढळला काय?'
'नाही' लिहिलं, सही केली.

आता ती परत त्याच भिंतीला टेकून उभी असेल.
ससाण्याचा पंख मी फेविक्विकनं चिकटवलाय,
तो कामात धरत नाहीत.

एक राहिलीये.
वॉचमन फोन उचलत नाही.
लावतोय.