काना

दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
दिवसाला सातशे रुपयांवर मी दुभाषा होतो.
साहेब पोरबंदरकडचे, आरोपी आपल्यातला,
आणि मधे मी, दांडियाबाजारात जन्मलेला,
दोन्हीकडून थोडा थोडा उसना.

माणिक शिर्के. वय त्रेपन्न. मकरपुऱ्यात लेथवर.
गुजराती चांगलं येत होतं त्याला,
पण म्हणाला, हे मी माझ्याच भाषेत सांगेन.
आठ महिने कोठडीत काढूनही नखांत काळं तेल.
(मला तरी तसं दिसलं. माणूस जे बघायला जातो ते बघतो.)

साहेबांनी विचारलं, का?
तो म्हणाला,
"ती ऐकत नव्हती."

आता आली पंचाईत.
सांभळती नहोती, म्हणजे कानांनी.
मानती नहोती, म्हणजे हुकूम.
आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द,
आणि बावीस वर्षं त्यांचा संसार
त्या एका शब्दात दाटीवाटीने राहिलेला.
मी विचारलं, शिर्के, नेमकं काय म्हणायचंय?
तो माझ्याकडे बघत राहिला,
जसं मी पाण्याबद्दल विचारलं होतं, ओलं की थंड.

मी सांगितलं, मानती नहोती.
स्टेनोने टाइप केलं.

पुढे तुकड्यातुकड्यांनी निघालं ते असं:
हेमलताने डबे सुरू केले होते. बारा गिऱ्हाइकं, एक लाल वही.
कारेलीबागेत एक खोली बघून ठेवली होती, भाडं चार हजार.
मुलीला माहीत होतं. त्याला पर्समध्ये पावती सापडली.
दारू नाही, मारझोड नाही, दुसरी बाई नाही.
सरकारी वकिलांचा चेहरा जरा उतरलाच.
पगार तो आणायचा, हिशेब तो लिहायचा,
तिची चप्पल कुठल्या दुकानातली, तेही तोच ठरवायचा,
पाऊस असला तर स्वतः जाऊन आणायचा.
याला तो प्रेम म्हणत होता
आणि खोटं बोलत नव्हता.

राग नाही आला, म्हणाला. भीती वाटली.
रिकामी खोली दिसायला लागली,
कारेलीबागेतली नव्हे, आपलीच.
"ती गेली असती तर मग मी कोण?"
हे वाक्य मी पुढे दिलं नाही.
साहेबांनी तसं काही विचारलंच नव्हतं.

पण रात्री मला ते सुटेना.
निघून गेलेली बाई कुठेतरी असतेच की,
कुणाच्या तरी ओट्याशी मेथी निवडत, हसत,
त्याच्याशिवाय.
मेलेली कुठे जात नाही.
मयत हेमलता माणिक शिर्के.
मधलं नाव आता कुणी काढू शकत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पोलीस यायच्या आधी,
त्याने लाल वही उघडून बाराही जणांना फोन केले:
आज डबा येणार नाही.
एका म्हाताऱ्या बाईंना तर म्हणाला, तुमचं पथ्याचं काहीतरी बघा.

शेवटच्या तारखेला त्याने हात जोडले.
"साहेब, बावीस वर्षं मी तिला सांभाळलं."
साहेबांनी माझी वाट न बघता मान वर केली:
"सांभळ्युं?"
ऐकलंस तिचं?
मी म्हटलं, नाही साहेब. संभाळ्युं.
एक काना, सा वरून उचलून भा ला लावायचा, बस.
आपल्या शब्दात तर दोन्ही काने आहेत.
कान मात्र...
असो. टाइप झालं तसं झालं.

घरी आलो. चपला काढतोय तोवर
आतून मंदाकिनी काहीतरी म्हणाली.
मी सवयीने म्हटलं, हो.

"काय बोलले मी?"

आतला नळ बंद झाला.