फक्कीची वही

वही बाबांची, पण तीत हिशेब फक्कीचा:
सन बासष्ट, फेब्रुवारी. फक्की दोन पोती,
सुतळी, खुंट्या चार, चहा आठ आणे.
गोल कुणी मारले ते कुठंच नाही.
ते त्यांना तोंडपाठ होतं.

हँडबिलं नोव्हेंबरातच छापून आलेली, पिवळ्या कागदावर:
'आंतरराष्ट्रीय कुमार फुटबॉल सामने, कॅम्प, बेळगाव.'
परराष्ट्र एकच, म्हापसा.
इनास मास्तरांनी मावसभावाला कळवलं होतं,
परमिट मिळो न मिळो, अकरा पोरं तयार ठेव.
डिसेंबरात फौजा गेल्या आमच्याच रस्त्यानं
आणि दोन दिवसांत परराष्ट्र संपलं.

कमिटी बसली. पाचशे हँडबिलं, करायचं काय?
खोडा की तो शब्द, कुणीतरी म्हणालं.
दस्तगीर मेस्त्री कोपऱ्यात ब्लॅडरचं पंक्चर काढत होते,
मान वर न करता म्हणाले,
"राहू दे गा. शाई सुकलीया."

म्हापशाची पोरं अनमोडचा घाट चढून आली
भाजीच्या रिकाम्या ट्रकात,
निम्म्यांच्या पायात बूट, निम्मी अनवाणी,
खिशात अजून जुन्या राज्याची नाणी.
चहावाला ती दाताखाली धरून बघायचा.

वयाचा दाखला तेव्हा कुणाकडं?
मास्तरांनी दोन खांबांना आडवा बांबू बांधला.
खालून ताठ गेला तो कुमार,
कपाळ आपटलं तो बाप्या.
खानापूरचा भरमाण्णा गुडघे वाकवून
तीन वर्षं कुमार राहिला,
चौथ्या वर्षी लग्नाची हळद अंगावर घेऊन आला,
तरी बांबूखालून गेला.

मग कैक वर्षं परदेशातलं कुणी नाही.
गडहिंग्लज आलं, मिरज आली, हुबळीची रेल्वे आली.
शब्द मात्र दरसाल नव्यानं जुळवला जायचा,
एका साली 'ष्ट्री'चा खिळा हरवला
तर नुसतंच 'आंतररा य'.
लोक हसायचे. बाबा वाकून रेघ ओढायचे.

एकदा लाउडस्पीकरवरनं भांडण जुंपलं:
आधी मराठी की आधी कन्नड?
अर्धा तास दोन्ही गोली आपापल्या खांबाला टेकून उभे,
उजेड चालला.
बसलिंगप्पांनीच मग वायर उपटली.
फळ्यावरचा आकडा तरी कुठल्या लिपीत, यावर परत तेच.
तेव्हापासून गोल झाला की बांबूला करवंटी टांगतात.
करवंटी कुणालाही मोजता येते.

एका सालच्या पानावर एवढंच:
बंद. दगड. फक्की शिल्लक, दीड पोतं.

आणि दोन हजार सातला आलेच परदेशी, खरेखुरे,
काठमांडूची सोळा पोरं, एका सुभेदाराच्या ओळखीनं.
पैकी एकाला ताप, तो आमच्या घरी.
आईनं उकडलेली रताळी त्यानं सालासकट खाल्ली.
बरं वाटल्यावर दारात बसून बाबांना विचारतो,
"अंकल, ये कौन सा स्टेट है?"
एका दुकानावर एक पाटी, शेजारच्यावर दुसरी,
त्याचं काय चुकलं?
बाबांनी बराच वेळ चुना मळला.
"कोर्ट में है, बेटा."
पोरगं इतकं गंभीर झालं
की बाबांनाच हसू आवरेना.

आता दोरी माझ्या हातात.
यंदा पोरींचे सामने आहेत, नंदगड, गडहिंग्लज, म्हापसा,
परदेशी कुणी नाही.
फोनवर हँडबिल करणाऱ्या पोरानं विचारलं,
"ताई, तो शब्द ठेवू की काढू?"
मी म्हटलं, शाई सुकलीया.
"कुठली शाई?" तो म्हणाला,
आणि बोट तसंच उचलून थांबला.

दुपारी मैदानावर गेले.
पश्चिमेच्या कोपऱ्यात जमीन थोडी खचलीय,
रेघ तिथं दरवेळी वाकडी जाते,
बाबांचीही जायची.
फक्की दोन पोती, लिहून ठेवलं.
चहा दोनशे चाळीस.