कोट कुठाय?

तिबिलिसीत रात्रीचे दोन. एलिसो केर काढते आहे,
बसल्या जागेवरून, अंगठ्याने.
सोमवारी नोटरीच्या कचेरीत मुलाखत,
आणि मावसबहीण म्हणाली, ते आधी तुझं नाव हुडकतात,
अर्ज मग उघडतात.

गेला लग्नातला फोटो, टेबलावर चढून नाचतानाचा.
गेली जुन्या मालकाला वाहिलेली लाखोली,
तीनशे जणांना आवडलेली. जरा जिवावर आलं.
गेला झुराब, अकरा ठिकाणांहून,
कुठे कुठे नुसता खांदाच.
मोर्चातला एक तिने दोनदा पुसला, दोनदा परत आणला,
पाणी प्यायली,
आणि राहू दिला.

मग हा. नववर्षाची रात्र, बर्फात उभी,
बिनबाह्यांच्या झग्यात, हातात बाटली, डोळे अर्धे मिटलेले.
पाहून कुणी दारातही उभं करणार नाही असा.
खाली एकच शेरा, बातुमीहून, वडिलांचा.
बंदरावर क्रेन चालवणारा माणूस
एका बोटाने अक्षरं शोधत
आयुष्यात एकदाच इथे काही लिहून गेला:
कोट कुठाय?

फोटो पुसला तर प्रश्नही जाणार.
उत्तर तर तिने तेव्हाही दिलं नव्हतं.

ती कुलूप लावते. फक्त मला दिसेल.
बाहेरून आता सगळं घासलेल्या ताटासारखं:
पदवी, चार भाषा, पांढरी भिंत, बेताचं हसू.

सिगारेट घेऊन ती गॅलरीत येते.
कडाक्याची थंडी. काडी पेटत नाही.
थोडा वेळ तशीच उभी राहते,
मग आत जाऊन
कोट घालून येते.