शेरा

रजिस्टरमध्ये सात रकाने आहेत.
तारीख, दावा क्रमांक, मुलाचं नाव,
आणणाऱ्याची सही, भेटणाऱ्याची सही,
आल्या-गेल्याची वेळ,
आणि शेवटी शेरा,
दोन बोटं रुंद.
दर जूनमध्ये मीच आखते, लाल पेनने, पट्टी धरून.

भेटीची खोली तळमजल्यावर, झेरॉक्सवाल्याच्या भिंतीला लागून.
भिंतीवर ससा रंगवलाय, त्याचा एक कान पोपड्यासोबत गळला.
खोक्यात तीन चाकांचा ट्रक,
चौऱ्याहत्तर तुकड्यांचं कोडं. झाकणावर शंभर लिहिलंय.
खिडकीतून सीबीएसच्या कंडक्टरची हाक येते,
सिन्नर, सिन्नर, सिन्नर,
आणि मुलं तिकडे बघतात,
सिन्नरला त्यांचं कुणी नसलं तरी.

पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते एक.
मैथिली गांगुर्डे, वय सहा.
आई ओझरहून आणायची, सही करायची
आणि बाहेर लिंबाखाली उभी राहायची. बसायची नाही.
सही डाव्या हाताने.
उजवं मनगट नीट वळत नाही.
ते दुसऱ्या दाव्यात आहे, दुसऱ्या कोर्टात,
आमच्या फाइलीत त्याची नक्कल नाही.

बाप वेळेवर यायचा. सातपूरला कंपनीत, इस्त्रीचा शर्ट.
बाहुली आणली, मग बाहुलीचा बंगला, मग बंगल्यापुढची गाडी.
आवाज कधी चढवला नाही.
मला विचारायचा, मावशी, चहा झाला का?
खरं सांगायचं तर मला तो आवडायचा.

मैथिली भिंतीला पाठ लावून बसायची,
दार दिसेल अशी.
चपला काढायची नाही.
बाकीची पोरं काढतात, सतरंजी आहे.
ती पट्टा चाचपायची, पुन्हा चाचपायची.
बाप काही विचारी, ती म्हणे, हो.
हो. हो.
एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली,
मोठा काटा कुठे आला की एक?
मी शिकवलं.
घड्याळ ती त्या खोलीत शिकली,
शाळेत नंतर आलं असेल.

एक वाजला की मी लिहायची,
भेट शांततेत पार पडली.
चौदा शनिवार.
आधीच्या शिंपीबाईंनी तसंच सांगून ठेवलं होतं,
भांडण नाही, रडणं नाही, म्हणजे शांत.
दोन बोटांत तेवढंच मावतंही.

एप्रिलमध्ये रजिस्टर वर मागवलं.
ते छातीशी धरून मी जिना चढले,
दाराशी उभी राहिले.
वकील बोट ओलं करून पानं उलटत गेले:
शांततेत, सर. शांततेत. हेही शांततेत.
माझंच अक्षर. वेलांट्या जरा लांबच जातात माझ्या.
साहेबांनी पोरीला आधीच चेंबरमध्ये बोलावलं होतं,
चॉकलेट दिलं होतं, विचारलं होतं, बाबा आवडतात?
ती हो म्हणाली होती.
हो ती किती छान म्हणते, मी ऐकलंय.

त्या दिवशी बोर्डावर एकसष्ट प्रकरणं होती.
साहेबांना मी दोष देत नाही.
थोडा देते.

सुट्टीत पंधरा दिवस बापाकडे, देखरेखीविना.
आईने आदेश खालून वर वाचला, मग वरून खाली.
मला कुणी काही विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तरी काय सांगणार होते,
सर, तिच्या चपला?

या जूनमध्ये रजिस्टर आखताना
सह्यांचे रकाने आवळले.
शेरा आता अर्धं पान.
अधीक्षक म्हणाले, बाई, हे काय, पान वाया घालवताय.
मी म्हटलं, पट्टी सरकली.

काल लिहिलं:
मुलगा रडला नाही. डबा उघडला नाही.
आजीने हात लावला तेव्हा खांदा आत घेतला.
सिन्नरची बस किती वाजता असते, विचारलं.

मैथिलीचं नाव या वहीत नाही.
तिच्या भेटी आता खोलीत होत नाहीत.
घड्याळ तेवढं तिला येतं.