गच्ची देणे आहे

विषय क्रमांक सहा, गच्ची.
पहिले पाच चहाच्या आधीच उरकले.
सहाव्याला सूचक मिळेना, अनुमोदकही नाही,
आणि घरीही कोणी जाईना.

कंपनीचा माणूस आदल्या दिवशी येऊन गेलेला.
बूट काढून गच्चीवर अनवाणी फिरला, एप्रिलच्या दुपारी.
टाकीपाशी खडूने चौकोन आखला, बारा बाय दहा,
आणि म्हणाला, मॅडम, घणसोलीत याहून उंच इमारती पुष्कळ आहेत,
पण तुमच्यासमोर आडवं कोणी नाही.
उगाचच बरं वाटलं मला.

महिन्याला अठ्ठावीस हजार.
मी खजिनदार.
माझ्या फायलीत रंगकामाचं कोटेशन तीन पावसाळे जुनं,
लिफ्टवाल्याचं पत्र, लाल शाईतलं,
आणि थकबाकीदारांची यादी, जिच्यात माझा सख्खा दीर.
अठ्ठावीस गुणिले बारा मी इतिवृत्ताच्या मागच्या पानावर केलं.
मग खोडलं. मग पुन्हा केलं.

करार सतरा पानांचा.
पहिली पाच वर्षं आम्ही बांधलेले,
त्यांना मात्र नव्वद दिवसांच्या नोटिशीवर मोकळीक.
त्यांची माणसं दिवसरात्र केव्हाही वर जाणार.
(आमचं फाटक अकराला बंद होतं,
माझा मुलगा उशीर झाला की कठड्यावरून येतो.)
गळती झाल्यास, ती त्यांच्याच कामामुळे झाली
हे आम्ही सिद्ध करायचं.
पाण्याला कसं विचारणार, तू कुठून आलंस?

ॲडव्होकेट मेहजबीन दळवींनी पेन्सिलीने
चौदा प्रश्नचिन्हं काढून दिली.
म्हणाल्या, आधी हे ठरवा, तुम्ही देताय काय?
जागा देताय, की नुसतं वर यायची परवानगी?
आपण दोन्हीला भाडं म्हणतो.
कोर्ट नाही म्हणत.
शिवाय जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या पट्ट्याने,
त्यातली निम्मी वर्षं कधीच सरली.
म्हणजे भाडेकरूने ठेवलेला भाडेकरू,
तोही पाच मजले वर.
आधी तिकडून ना-हरकत आणा.

सभेत पाचशे तीनच्या ओटवणेकर बाई उभ्या राहिल्या.
तुम्ही गच्ची म्हणता, मी त्यालाच छत म्हणते,
एवढंच बोलल्या आणि बसल्या.
तळमजल्यावरून टाळी आली नाही.
मेंटेनन्स कमी होईल म्हणून तिथे
पेढ्यांपर्यंत बोलणं गेलं होतं.

दाराजवळच्या खुर्चीत हिराजी मढवी.
एरवी हजेरीची सही करून डोळे मिटणारे.
आमच्या पार्किंगच्या खाली कुठेतरी त्यांच्या बापाचं खाचर आहे.
आहे की होतं, मला अजून नक्की म्हणता येत नाही.
त्यांनी विचारलं,
"जाताना काय काय काढून नेतील?"

कोणी हसलं.
मी पान सोळा काढलं.
खांब नेतील, केबल नेतील, जनरेटर नेतील.
चौथरा नेणार नाहीत.
गच्ची पूर्ववत करून देण्याचे बंधन राहणार नाही.
हे वाक्य मी मोठ्याने वाचलं
आणि वाचताना कळलं की पहिल्यांदाच वाचतेय.
रात्री एक वाजता ते पान मी नुसतंच उलटलं होतं.

"आमच्या वक्ताला वाचणारा कोन नव्हता," मढवी म्हणाले,
तक्रारीच्या सुरात नाही,
पानपट्टीवर उधारी सांगावी तसं.

ठराव असा लिहिला:
स्ट्रक्चरल ऑडिट, विमा, चौथऱ्यासह पूर्ववत करणे,
आणि पाचव्या मजल्याची लेखी संमती आल्यावर
विषय पुन्हा सभेपुढे घ्यावा.
पेढे बारगळले. दीर बोलत नाही.

रात्री पाणी सोडायला वर गेले.
पालिकेच्या दिव्यात खडूचा चौकोन दिसत होता,
एका कोपऱ्यावर कुणाची तरी चादर वाळत पडलेली.
व्हॉल्व्ह त्याच्या पलीकडे.
सही झालेली नाही, एक पैसा आलेला नाही,
तरी मी कडेकडेने गेले.