चार बोटं आत

त्या सकाळी दार तोडावं लागलं.
आतून कडी, आत पाण्याचा आवाज,
आणि अप्पा उत्तर देईनात.
शेजारच्या गड्डमनं पहार घातली.
दार गेलं ते गेलंच,
अप्पांची डावी बाजूही.

मग मोरीला पडदा आला.
मंगळवार बाजारातला, निळा, वर नारिंगी मासे.
सुतळी ओढून लावला, चौकटीच्या बाहेरून,
दार होतं बरोबर तिथंच.
माणूस नवी वस्तू जुनीच्या खिळ्यालाच अडकवतो.

पाणी पडद्यावरून उतरायचं
ते मोरीच्या कट्ट्याबाहेर.
पॅसेज, देव्हारा, थेट गॅसच्या शेगडीपर्यंत.
पाचव्या दिवशी नळ येतो आमच्या गल्लीत,
आणि मी रोज दोन तांबे फरशीला पाजत होते.
कारखान्यातून आणलेले सेकंडचे टॉवेल
तिथंच कुजले.

शिवाय बुरशी.
जिथं पापड तासाभरात वाजतो
त्या सोलापुरात, एप्रिलमध्ये,
माशांच्या पोटाखाली काळे ठिपके पडले.
चुणीत रात्रभर पाणी राहायचं,
ती तिथं राहायला आली, भाडं न देता.

पण सगळ्यात वाईट म्हणजे
ओला पडदा वाऱ्यानं आत यायचा
आणि अप्पांच्या डाव्या अंगाला चिकटायचा.
त्यांना कळायचंच नाही.
मला दिसायचं.

एके दिवशी स्टुलावर बसल्या बसल्या
त्यांनी उजवा हात वर केला.
अंगठा मिटलेला, चार बोटं.
चार वाजले? चार तांबे?
मी गरम पाणी आणलं, साबण बदलला, पावडर आणली.
ते डोळे मिटून मान हलवत राहिले,
नव्या कामगारानं चुकीची गाठ मारल्यावर हलवायचे तशी.
मग तीच चार बोटं हवेत आत ढकलली,
आणि तळवा खाली दाबला.

चौतीस वर्षं मागावर जॉबर होता हा माणूस.
ताण कुठं सुटलाय ते आवाजावरून सांगायचा.
आणि मी, दिवसाला दोनशे टॉवेलांना दुमड घालणारी,
घरातल्या एका कापडाचा काठ मला दिसला नव्हता.

अक्कलकोट रोडच्या भंगारातून पाइप आणला.
गड्डमनं भोकं पाडली, चौकटीपासून चार बोटं आत.
सात कड्या होत्या, बारा केल्या.
खालचा काठ कट्ट्याच्या आत,
पण जमिनीपासून एक बोट वर,
साचलेल्या पाण्याला तोंड लागू नये म्हणून.
वजनाला आधी मागाच्या जुन्या पिना शिवल्या.
आठव्या दिवशी गंजल्या,
माशांखाली तपकिरी नद्या वाहू लागल्या.
अप्पा हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले.

मग दवाखान्यातनं आलेली सलाईनची नळी होती,
का ठेवली होती कुणास ठाऊक.
तिच्यात वाळू भरली,
मेणबत्तीवर दोन्ही तोंडं चिकटवली,
दुमडीत सरकवली.
जी औषध वाहत होती ती आता पडदा धरते.

आंघोळ झाली की मी तो टोकापासून टोकापर्यंत पसरते.
गोळा करून ठेवत नाही.
रविवारी गच्चीवर, सोडा लावून, उन्हात.
एका माशाचा डोळा काळाच राहिलाय. राहू दे.

अप्पांची मराठी त्या सकाळीच वाहून गेली,
उरली ती लहानपणची तेलुगू, तीही चार-सहा शब्द.
पाणी पुरे झालं की म्हणतात, "चालु."
अटेंडंट पोरगा पहिल्या दिवशी
नळ आणखी सोडत गेला बिचारा,
सगळं घर तरंगलं.
आता त्यालाही माहीत आहे,
आमच्याकडे चालु म्हणजे बस.

पॅसेज कोरडा असतो.
बिजागरीच्या जुन्या खाचेतून मात्र
एक थेंब येतोच अजून.
तिथं मी सेकंडचा एक टॉवेल ठेवलाय,
दुमड मीच घातलेली,
जराशी वाकडी.