सुलट बाजू

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
अंबादास गुर्रम चादरी तपासतो.
भिंगाखाली इंचभर जागेतले धागे
तेलुगूत मोजतो, चूक मराठीत सांगतो,
आणि बाणा सुटलाय तिथे खडूची फुली.

पुतण्या श्रीहरी फिजिक्सला आहे.
म्हणाला, काका, धाग्याखाली तंतू,
तंतूखाली रेणू, अणू,
मग नुसती पोकळी.
तिथे कुठाय तुमची फुली?
अणूला काय, धागा राहिला काय, सुटला काय.

अंबादासने शर्टाच्या टोकाला भिंग पुसलं.
बरोबर आहे, म्हणाला.
माग धडधडत राहिले.

मग जरा वेळाने:
पण धागा कुठे संपतो, हे पोकळीला विचारलंस?
कुणीतरी कुडकुडत होतं,
म्हणून कुणीतरी बोट फिरवलं,
इथून इथवर धागा म्हणायचं.
आणि तुझा अणू?
खोट्यावर भागलं असतं
तर एवढ्या खाली उतरलं असतं कोण?

बाहेर त्रेचाळीस अंश.
इथे कुणालाच थंडी नाही.

श्रीहरीने चादर उलटली.
इकडचा लाल मोर तिकडे पांढरा,
इकडची पांढरी जमीन तिकडे लाल.
यातली सुलट कुठली, काका?

एकतीस वर्षं बघतोय, अंबादास म्हणाला,
आणि फुलीवाली चादर बाजूला टाकली.
ती सेकंडात जाईल, निम्म्या भावात.
ऊब मात्र
निम्मी देणार नाही.
हे कुठल्या थरात बसतं
तेवढं बघून सांग.